जुना टायर मोजल्यावाचून नवा निवडू नये: एका गाडीचे प्रकरण

हे प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीच्या गाडीचे आहे. गाडी पाच आसनी, पेट्रोलवर चालणारी, पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी हॅचबॅक असून तिच्या टायरांचे माप १९५/६५ आर १५, ९१ एच असे आहे (रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच; ९१ एच ही भार आणि वेगाची मर्यादा). २०२४ च्या मध्यापर्यंत ती ४७,००० किलोमीटर चालली होती आणि तिचे मूळ टायर एकदाही बदललेले नव्हते. पावसात एका चौकाजवळ ताईने ब्रेक दाबला, तेव्हा पेडल पायाखाली थरथरले, चाके अडकू न देणारे एबीएस कामाला लागले आणि गाडी थांबायच्या रेषेपलीकडे जवळजवळ एक गाडी मावेल इतकी पुढे जाऊन थांबली. समोर कोणी नव्हते म्हणून काही घडले नाही. मेकॅनिकने ब्रेक तपासून ते ठीक असल्याचे सांगितले आणि टायर बदलण्याचा सल्ला दिला. त्यानंतर घरात तीन मते झाली. भाऊजींना पुढचे दोनच टायर बदलायचे होते आणि तेही जास्तीत जास्त किलोमीटर टिकणारे. भाच्याला मोठ्या रिमवर रुंद टायर हवे होते. ताईचे म्हणणे एवढेच होते, "मला गाडी वेळेवर थांबायला हवी, बाकी तुम्ही ठरवा."

मला विचारण्यात आले तेव्हा मी नव्या टायरांची चर्चा बाजूला ठेवून आधी जुने टायर पाहण्याचा आग्रह धरला. उतरवलेला टायर हा त्या गाडीचा, त्या चालकाचा आणि त्या रस्त्यांचा सर्वांत विश्वासार्ह अहवाल असतो, आणि तो कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र हा अहवाल न वाचताच भंगारात जातो, याची मला मनापासून खंत वाटते.

खोली मोजण्याचे साधे उपकरण घेऊन प्रत्येक टायरच्या खाचांची खोली बाहेरच्या कडेला, मधोमध आणि आतल्या कडेला अशी तीन ठिकाणी मोजली. पुढच्या डाव्या टायरवर बाहेर ३.०, मध्ये ३.६ आणि आत १.७ मिलिमीटर खोली उरली होती. पुढच्या उजव्यावर हेच आकडे ३.२, ३.६ आणि २.७ होते. मागच्या दोन्ही टायरांच्या मध्यभागी ५.२ मिलिमीटर खोली शिल्लक होती. नवा टायर साधारण ८ मिलिमीटर खोलीचा असतो आणि अनेक देशांत कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली आवश्यक असते. मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे जे छोटे उंचवटे असतात, ते याच १.६ मिलिमीटरची खूण म्हणून ठेवलेले असतात. गाडीशेजारी उभे राहून पाहिले तर डावा टायर अगदी वापरण्याजोगा वाटत होता, कारण माणसाच्या नजरेला बाहेरची कड दिसते आणि हा टायर आतून संपत आला होता.

या आकड्यांमध्ये दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले होते. दोन्ही पुढच्या टायरांचा मध्यभाग कडांपेक्षा कमी झिजला होता, आणि हे हवा कमी असल्याचे लक्षण आहे. हवा जास्त असती तर मधला पट्टा आधी झिजला असता. दाब मोजला तेव्हा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) लिहिलेले असताना पुढच्या चाकांत २७ आणि २६ पीएसआय निघाले. दुसरा दोष आतल्या कडेच्या एकतर्फी झिजेचा होता, आणि तो हवेने होत नाही. चाके वरून पाहिल्यावर पुढच्या बाजूला बाहेर फाकलेली असली, किंवा उभी न राहता वरून आत कललेली असली, तर टायरची आतली कड रस्त्यावर घासत राहते. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा आणि कल मोजणाऱ्या, यंत्रावर डावे चाक बाहेर फाकलेले आढळले. मात्र नुसते समायोजन करून गाडी परत करण्याऐवजी मेकॅनिकने लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, हलवून पाहिला, हे त्याचे कौशल्य. त्याच्या सांध्यातील रबरी बुश फाटलेला होता. फाटलेल्या बुशवर केलेली अलाइनमेंट ब्रेक लावताच पुन्हा सरकते, आणि अशा गाडीला जगातला सर्वांत उत्तम टायर लावला तरी त्याचीही आतली कड जुन्याच वाटेने गेली असती.

गाडी वर उचललेली असतानाच तिसरी गोष्ट उघड झाली. मागच्या उजव्या टायरच्या आतल्या भिंतीवर लिंबाएवढा फुगवटा होता. खड्ड्यात टायर जोरात आपटला की भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि उरलेल्या पातळ रबराला आतला दाब बाहेर ढकलतो. असा टायर दुरुस्त होत नाही. तो त्याच क्षणी बाद समजावा लागतो. भिंतीवरील चार अंकी उत्पादन क्रमांक ३६१९ होता, म्हणजे हे टायर २०१९ च्या ३६व्या आठवड्यात तयार झाले होते. वय काळजी करण्याइतके नव्हते. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि खोली शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असे सांगतात.

भाऊजींच्या "दोनच बदलू" या मताचे उत्तर या फुगवट्याने दिले, तरी ते मत मुळात चुकीचे नव्हते, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. मागचे दोन्ही टायर धड असते तर मीही दोनच घ्यायला सांगितले असते. फक्त नवे दोन मागे बसवून मागचे ५.२ मिलिमीटरवाले पुढे आणायला सांगितले असते. पुढची चाके गाडी ओढतात आणि वळवतात, म्हणून नवे टायर पुढेच हवेत, असा समज सर्वत्र आहे, परंतु ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडी सरळ जात राहते आणि वेग कमी केल्यावर बहुधा सावरते. मागच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडीची पाठ फिरते, आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. या प्रकरणात मात्र चारपैकी तीन टायर बाद ठरले होते, म्हणून चार घेऊन उरलेला एक चांगला टायर स्टेपनीच्या जागी ठेवायचे ठरले.

आता झिजेचा हिशेब. आठ मिलिमीटरपासून सुरुवात धरली तर पुढच्या टायरांचा मध्यभाग ४७,००० किलोमीटरमध्ये ४.४ आणि मागच्यांचा २.८ मिलिमीटर झिजला होता. चारही चाकांची सरासरी ३.६ मिलिमीटर, म्हणजे दर हजार किलोमीटरला सुमारे ०.०७७ मिलिमीटर. टायरांच्या जागा वेळोवेळी बदलल्या, हवा आणि अलाइनमेंट सांभाळली, आणि टायर १.६ ऐवजी ३ मिलिमीटरवरच उतरवायचे ठरवले, तर वापरण्याजोगे ५ मिलिमीटर या गाडीला सुमारे ६५,००० किलोमीटर पुरतात. ताईचे वर्षाचे चालवणे सुमारे १०,७०० किलोमीटर आहे. म्हणजे जुन्याच दर्जाचा टायर तिला सहा वर्षे पुरेल. हा आकडा हाती आल्यावर संपूर्ण निवडीचे स्वरूप बदलले, कारण त्याहून कितीतरी जास्त टिकणारा टायर घेतला तर झीज संपण्यापूर्वी त्याचे रबर वयाने ताठर होत जाणार होते. जे आयुष्य वापरले जाणार नाही त्यासाठी पैसे मोजायचे आणि शिवाय पकडही कमी स्वीकारायची, यात मला कोणताच लाभ दिसेना.

तीन मिलिमीटरची मर्यादा मी का धरली, हे सांगायला हवे. कोरड्या रस्त्यावर कमी खोलीचा टायरही चांगला धरतो. ओल्या रस्त्यावर मात्र खाचांचे काम पाणी बाजूला सारून रबराला रस्त्यापर्यंत पोचवण्याचे असते, आणि १.६ मिलिमीटरवर त्या खाचांची खोली मूळच्या एक पंचमांश उरलेली असते. पाणी वाट मिळेपर्यंत टायरपुढे साचते, त्याचा दाब वाढतो आणि एका वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागतो. विमानांच्या टायरांवरील नासाच्या संशोधनातून १९६० च्या दशकात पुढे आलेले एक सोपे सूत्र असे की, खाचांच्या आवाक्यापेक्षा जास्त पाणी साचलेले असेल तेव्हा तरंगण्याचा वेग, नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत), पीएसआयमधील दाबाच्या वर्गमुळाच्या नऊ पट असतो. ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर आणि २६ पीएसआयला ८५ किलोमीटर येतो. मोटारीच्या टायरला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, कारण रुंदी आणि खाचांची रचना यांनीही फरक पडतो. तरी हवेच्या सात पीएसआयने सुरक्षिततेची सीमा किती सरकते, ते यातून स्पष्ट दिसते.

पुढचा प्रश्न रबराचा. टायरची पकड बऱ्याच अंशी रबराच्या एका गुणावर अवलंबून असते: रस्त्यावरील बारीक खडबडीतपणावर दबून मूळ आकारात येताना रबर थोडी ऊर्जा गिळते. ब्रेक लावताना हे गिळणे हवे असते. परंतु टायर नुसता फिरत असताना प्रत्येक फेऱ्याला त्याचा आकार बदलतो आणि तेव्हाचे गिळणे म्हणजे वाया जाणारे इंधन. म्हणूनच ओली पकड, कमी इंधन आणि दीर्घ आयुष्य या तिन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये कमाल प्रमाणात मिळणे अवघड असते. १९९० च्या दशकापासून ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थराच्या, रबरात कार्बन ब्लॅकच्या (काजळीसारख्या भुकटीच्या) जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरली जाऊ लागल्याने ही ओढाताण सैल झाली, पण संपली नाही. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात हिवाळी टायरचा वेगळा विचार करावा लागतो, कारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी रबर ताठर होऊ लागते. ताईची गाडी अशा थंडीत चालत नाही, म्हणून तो मुद्दा येथे उद्भवला नाही.

शेवटी तीन टायर विचारासाठी उरले. त्यांची नावे देण्याऐवजी मी त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा म्हणतो, आणि दुसऱ्याची किंमत १०० धरतो. पहिल्याची किंमत १०५ होती. तो दीर्घ आयुष्यासाठी बनवलेला होता, भिंतीवर झिजेचा अंक (जास्त म्हणजे जास्त टिकाऊ) ५२० होता, आणि युरोपीय लेबलवर (ए सर्वांत चांगली) इंधनासाठी बी व ओल्या पकडीसाठी सी श्रेणी होती. दुसऱ्याचा झिजेचा अंक ३४०, इंधनाची श्रेणी सी आणि ओल्या पकडीची श्रेणी ए होती. तिसऱ्याची किंमत ६५, झिजेचा अंक २८०, आणि ओल्या पकडीचे लेबल नव्हतेच; भिंतीवर फक्त ट्रॅक्शन ए असे अमेरिकी श्रेणीचे अक्षर होते. मूळ टायरचा झिजेचा अंक ३६० होता.

या अंकांचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. झिजेचा अमेरिकी अंक मिळवण्यासाठी टायर टेक्सासमधील सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या रस्त्यावर एकूण सुमारे ११,६०० किलोमीटर चालवून त्याची झीज एका प्रमाण टायरशी ताडतात. पण अंतिम अंक उत्पादक स्वतः ठरवतो, म्हणून दोन कंपन्यांच्या अंकांची तुलना कच्चीच राहते. ट्रॅक्शनची श्रेणी फक्त ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत घसरणाऱ्या चाकाची असते. वळणावरची पकड किंवा पाण्यावर तरंगणे त्यात मोजले जात नाही. युरोपीय लेबलवरील ओल्या पकडीचा आकडा मला या तिन्हींत सर्वाधिक उपयोगी वाटतो. त्यात ओलसर रस्त्यावरची पकड एका संदर्भ टायरच्या तुलनेत मांडतात: मोटारीच्या टायरसाठी १.५५ किंवा अधिक गुणोत्तराला ए, आणि १.२५ ते १.३९ या गुणोत्तराला सी. ही चाचणी नव्या टायरवर होते, हे ध्यानात ठेवावे लागते.

श्रेणीतील दोन पायऱ्यांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून मी तो भाऊजींना मीटरमध्ये मांडून दाखवला. ए श्रेणीचा टायर ताशी ८० किलोमीटरवरून ३० मीटरमध्ये थांबत असेल, तर ढोबळमानाने सी श्रेणीतल्या सर्वांत चांगल्या टायरला साडेतेहतीस मीटर लागतील आणि सर्वांत कमी गुणांच्या टायरला सुमारे ३७. त्याहून बोलका आकडा वेगाचा आहे. ए श्रेणीच्या टायरची गाडी जेथे पूर्ण थांबली, त्या जागी सी श्रेणीच्या टायरची गाडी अजून ताशी सुमारे २५ ते ३५ किलोमीटर वेगाने जात असते, कारण ब्रेक लावल्यावर वेगाचा मोठा भाग शेवटच्या काही मीटरमध्ये संपतो. चौकातील ती एका गाडीची जागा नेमकी हीच होती. भाऊजी बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे मीटरमध्ये कधी कोणी सांगितलं नव्हतं."

मूल्याचा हिशेब मात्र दुसऱ्या टायरच्या बाजूने झुकत नव्हता, आणि तो झुकतो असे भासवणे अयोग्य ठरले असते. झिजेच्या अंकांच्या प्रमाणात अंदाज केला तर पहिला टायर ९४,००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ वर्षे, टिकला असता. पण एवढा काळ तो वापरायचा नसल्याने मी सात वर्षेच धरली. दुसरा सुमारे ६१,००० किलोमीटर म्हणजे पावणेसहा वर्षे, आणि तिसरा सुमारे ५०,००० किलोमीटर म्हणजे पावणेपाच वर्षे. वर्षाचा खर्च त्याच १०० च्या मापात अनुक्रमे १५, साडेसतरा आणि पावणेचौदा असा आला. म्हणजे तिसरा सर्वांत स्वस्त पडत होता, आणि बसवण्याचा खर्च लवकर पुन्हा करावा लागला तरी हा क्रम बदलत नव्हता.

इंधनाचाही फरक होता. बी आणि सी श्रेणींच्या मध्यावरील आकड्यांत टनामागे सुमारे सव्वा किलोग्रॅम रोधाचा, म्हणजे टायर फिरताना होणाऱ्या अडथळ्याचा, फरक आहे. माणसांसह १.३ टन भरणाऱ्या या गाडीला तो सुमारे १६ न्यूटन बलाइतका पडतो. दर १०० किलोमीटरला त्यामुळे १.६ मेगाज्यूल जास्त काम होते, आणि इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के व लिटरभर पेट्रोलमधील ऊर्जा ३२ मेगाज्यूल धरली तर तेवढ्याला साधारण ०.१७ लिटर लागते. ताईच्या चालवण्याला वर्षाकाठी हे १८ लिटर होतात. हा खर्च खरा आहे आणि तो दरवर्षी द्यावा लागणार आहे.

तरीही मी दुसराच टायर सुचवला. पहिला टायर ज्या एका गुणासाठी विकत घ्यायचा, त्या दीर्घ आयुष्याचा मोठा हिस्सा या घरात वापरला जाणार नव्हता. तिसऱ्याची किंमत कमी होती, परंतु ज्या एका गोष्टीसाठी आम्ही टायर बदलत होतो तिच्याविषयी त्यावर काहीच सांगितलेले नव्हते, आणि न सांगितलेली पकड चांगली असेल असे गृहीत धरण्यास मी तयार नव्हतो. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर चालणाऱ्या, बहुतांश कोरड्या महामार्गावरच्या गाडीसाठी मी पहिल्या टायरकडे झुकलो असतो. हा सल्ला ताईच्या गाडीसाठी होता.

भाच्याची मागणी २१५/४५ आर १७ या मापाची होती. व्यास पाहिला तर मूळ टायरचा ६३४.५ आणि याचा सुमारे ६२५ मिलिमीटर येतो. दीड टक्क्याचा फरक चालण्याजोगा आहे. अडचण दुसरीकडे होती. रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो, म्हणून साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. शिवाय भिंतीची उंची १२७ वरून ९७ मिलिमीटरवर येते, आणि ज्या गाडीचा उंच भिंतीचा टायरही खड्ड्याने फोडला तिला आखूड भिंत देणे मला पटले नाही. "मग दिसण्याचं काय, मामा?" असे त्याने विचारले, आणि त्या प्रश्नावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नव्हते. निर्णय ताईने घेतला. माप मूळचेच राहिले, भारांक ९१ म्हणजे प्रत्येक टायरला ६१५ किलोग्रॅम आणि वेगाचे अक्षर एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, हेही तसेच राहिले.

बसवण्याच्या दिवशी चारही टायरांचे उत्पादन क्रमांक पाहिले. तिघांवर १४२४ होते, चौथ्यावर ०५२२. दोन वर्षे आधीचा टायर लगेच धोकादायक नसतो, पण आमच्या हिशेबात टायर पावणेसहा वर्षे वापरायचा असल्याने तो परत करून नवा मागवला आणि त्यासाठी दोन दिवस थांबलो. आधी बुश बदलला, मग टायर बसवून बॅलन्सिंग केले, रबरी व्हॉल्व्ह नवे घातले आणि शेवटी अलाइनमेंट केली. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळून ऐंशी किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश नव्या रबरावर राहतो, म्हणून पहिले काहीशे किलोमीटर ताईने वेग आणि ब्रेक बेताने वापरले. हवेचा दाब दर पंधरा दिवसांनी, गाडी चालवण्यापूर्वी टायर थंड असताना तपासण्याचे काम भाच्याने स्वतःहून घेतले.

८,३०० किलोमीटरनंतर मी पुन्हा मोजमाप केले. पुढच्या डाव्या टायरवर बाहेर ७.१, मध्ये ७.२, आत ७.१; उजव्यावर तिन्ही ठिकाणी ७.२, मागे ७.५ आणि ७.६. आतली कड आता बाकी टायरइतकीच झिजते आहे. त्याच दिवशी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घेतले, आणि आकडे तारखेसह गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवले.